बोडीतला देशी मांगूर

श्रोते शेतकरी बंधू-भगिनींनो, नमस्कार.

मी भंडाऱ्याकडचा. धानाच्या बांध्यांना लागून आमची बोडी, म्हणजे लहान तळं, आहे, तिच्यात मी देशी मांगूर मासा पाळतो. पहिल्या वर्षी रोहू-कटल्यासारखंच बीज, म्हणजे माशाची पिल्लं, सोडलं आणि निवांत झोपलो. आषाढात एका रात्री पाऊस असा कोसळला, की सकाळी शेजारच्या बांधीत रोवणीच्या बाया ओरडताहेत, चिखलात मांगूर! हा मासा हवेतला श्वास घेतो, ओल्या बांधावरून पंखांच्या काट्यांवर रेलत सरळ चालत जातो. शेजाऱ्याकडे त्या दिवशी रस्सा झाला. मी बोडीभोवती दोन हात उंच जाळी लावली, खालची कड मातीत पुरून.

पण खरी अडचण बीजाची. तळ्यात हा काठाच्या बिळात अंडी घालतो आणि नर राखणीला बसतो. हॅचरीत, म्हणजे बीज तयार करण्याच्या केंद्रात, मादीला अंडी पिकवणारं इंजेक्शन देतात, साधारण 15-16 तासांनी पोट दाबलं की अंडी येतात. नराचं तसं नाही. कितीही दाबा, काही निघत नाही. त्याचं पोट फाडून वृषण काढायचे, मिठाच्या पाण्यात कुस्करायचे आणि कोंबडीच्या पिसानं हलक्या हातानं अंड्यांत कालवायचे. दर खेपेला नर जिवानिशी जातो, मग बीज स्वस्त कुठून मिळणार?

म्हणून कुणी मांगुराचं बीज मातीमोल भावात देत असेल, तर जरा थांबा. तो थाई मांगूर असू शकतो. नाव थाई, मूळ आफ्रिकेतलं. डोकं रुंद, अंगावर संगमरवरासारखे डाग, आणि काही महिन्यांत किलोभर वजन. आपला देशी वर्षभरात दीडशे ग्रॅम भरला तरी मी खूश असतो. पण थाई बाकीचे मासे फस्त करतो, म्हणून केंद्र सरकारनं 2000 सालीच त्याच्यावर बंदी घातली. बोडी फुटली की तो नाल्यात, नाल्यातून वैनगंगेत.

पिल्लं दिवसाभरात अंड्याबाहेर येतात, तीन दिवस पोटाच्या पिशवीतल्या बलकावर जगतात. मग त्यांना पाण्यातले बारीक जिवंत किडे लागतात. दहाव्या-अकराव्या दिवशी ती हवा घ्यायला वर धावू लागतात. टाकीत पाणी वीतभरापेक्षा जास्त ठेवू नका, वर-खाली करतानाच दमून मरतात.

मासे काढताना बोडी आटवा आणि हातानं धरा. डोक्यामागून धरा बरं का, छातीच्या पंखाचा काटा रुतला तर हात संध्याकाळपर्यंत ठणकतो.

नमस्कार.