वारा गेला, पाणी मागून आलं

(पडद्यावर: बेइरा शहर, वरून. पत्रे उडालेल्या घरांच्या उघड्या भिंती.)

15 मार्च 2019, शुक्रवार. मोझांबिकच्या किनाऱ्यावरच्या बेइरा बंदरात उजाडतंय. ‘इडाई’ चक्रीवादळ रात्रभर शहर झोडपून झिंबाब्वेकडे सरकलंय. पाच लाखांच्या या शहरात वीज नाही, फोन नाही. लोक घराबाहेर येऊन आपापले पत्रे हुडकतायत. आपण वाचलो, असं त्यांना वाटतंय.

खरं तर इडाईची ही पहिली फेरी नव्हे. 4 मार्चला ते नुसतं कमी दाबाचं क्षेत्र म्हणून किनाऱ्यावर आलं होतं. मोझांबिक आणि मलावीत धो धो कोसळलं, आणि चक्क उलटं फिरून समुद्रात गेलं. मोझांबिकच्या सामुद्रधुनीतल्या कोमट पाण्यावर पोसलं, वादळ झालं आणि परतलं. तोवर जमीन पाणी पिऊन तट्ट झाली होती.

(पडद्यावर: नकाशा. डोंगरातून समुद्राकडे येणाऱ्या दोन निळ्या रेषा.)

या दोन नद्या पाहा. पुंग्वे आणि बुझी. दोघींचा उगम झिंबाब्वेच्या डोंगरात, दोघींचं मुख बेइराजवळ. वादळ आत शिरलं ते याच डोंगरांवर. तिथं चिमानीमानीत रात्रीतून दरडी कोसळल्या, घरांएवढे धोंडे वस्त्यांवर आले. आणि डोंगरावर पडलेलं पाणी निघालं खाली, सपाटीकडे. माथ्यावर पडलेला पाऊस पायथ्याला कधी गाठतो, हे कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

वादळाची श्रेणी ठरते वाऱ्याच्या वेगावर. इशाराही वाऱ्याचाच लोकांच्या ध्यानात राहतो. बुझीकाठच्या गावांना वाऱ्याची धास्ती होती. नदी चढत असताना मात्र ती खबर द्यायला फोनचे टॉवर उभे नव्हते.

(पडद्यावर: क्षितिजापर्यंत मातकट पाणी. मधेच झाडांचे शेंडे.)

हा समुद्र नाही, ही शेतं आहेत. त्या शेंड्यांवर माणसं आहेत. कुणी छपरावर, कुणी आंब्याच्या फांदीवर, पाठीशी ‘कापुलाना’नं बांधलेलं मूल. ज्या रंगीत कापडात बाया एरवी बाजारहाट करतात, तेच हे. काही जण असे कित्येक दिवस अडकून होते. बेइराकडे येणारा महामार्ग वाहून गेलेला, त्यामुळे सुटका होडीनं किंवा हेलिकॉप्टरनंच. कोळ्यांनी आपल्या होड्या घातल्या. प्रशिक्षण दौऱ्यावर असलेली भारताची ‘सुजाता’, ‘शार्दूल’ आणि तटरक्षक दलाची ‘सारथी’ ही जहाजं वळून बेइराला पोचली. मदतीला आलेल्या पहिल्या परदेशी जहाजांत ती होती.

18 मार्चला राष्ट्राध्यक्ष फिलिपे न्यूसी यांनी वरून पाहणी केली आणि बळी हजारावर जातील अशी भीती बोलून दाखवली. एकट्या मोझांबिकमध्ये सहाशेवर माणसं गेली. तिन्ही देश मिळून आकडा हजारापार गेला.

मार्च संपता संपता छावण्यांत कॉलऱ्यानं डोकं वर काढलं. तो आवरला, हे मात्र आवर्जून सांगायला हवं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात लाखो लोकांना तोंडावाटे लस पाजली गेली आणि साथीतले बळी एक आकडी राहिले. या सगळ्या कहाणीत वेळेवर झालेलं हे एक काम.

आणि मग 25 एप्रिलला, जेमतेम सहा आठवड्यांनी, उत्तरेकडच्या किनाऱ्यावर ‘केनेथ’ धडकलं. एकाच हंगामात अशी दोन तीव्र वादळं या देशानं नोंदीत पाहिली नव्हती.

(पडद्यावर: डांबरी रस्ता. त्यावर पसरलेला मका.)

वादळ आलं तेव्हा मक्याची कणसं भरली होती, काढणी तोंडावर होती. इथं मका म्हणजे ‘शिमा’, पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, रोजचं जेवण. आता शेत गाळाखाली, म्हणून मका रस्त्यावर वाळतोय. एक बाई पायानं तो उलटापालटा करतेय. दाणे काळपट पडलेत, काहींना मोड आलेत, वास आंबूस. ती त्यातले चांगले निवडत नाही. सगळेच दळायचे आहेत.