काळा घोडा किती फूट? पावागढातून बडोद्यात येणारी विश्वामित्री

[दृश्य: जुलैची सकाळ, पावागढचा माथा ढगात, खाली हिरवं मैदान]

पावसाळ्यात बडोद्यातल्या कुठल्याही मराठी घरी फोन लावा, तब्येत-बिब्येत नंतर, पहिला प्रश्न येणार, "काळा घोडा किती झालं?" आता बाहेरच्या माणसाला वाटेल घोड्याला काय झालं बुवा. तर काळा घोडा म्हणजे सयाजीराव महाराजांचा अश्वारूढ पुतळा, त्याच्याजवळ विश्वामित्री नदीवरचा पूल, आणि विचारायचं असतं ते हे की पुलापाशी पाणी किती फुटांवर आलंय. २६ फूट म्हणजे धोका. आमच्याकडच्या पोरांना पाढे येत नसले तरी हा आकडा येतो.

पण ते पाणी निघतं इथून, या समोरच्या डोंगरातून. बडोद्यापासून पन्नासेक किलोमीटर, आजूबाजूला सगळं सपाट आणि मध्येच हा पावागढ, समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटर. ज्वालामुखीचा दगड आहे हा, बराचसा आपल्या सह्याद्रीसारखाच काळा बेसॉल्ट, पण माथ्याकडे रायोलाइट, जास्त कडक, म्हणून वरचे कडे असे तोडून ठेवल्यासारखे दिसतात. महाकालीच्या दर्शनाला माचीवरून पायऱ्या चढत गेलात की वाटेत तळी लागतात, छाशिया, दुधिया, तेलिया. ताक, दूध, तेल! नावं ठेवणारा नक्की उपाशीपोटी गड चढला असणार.

पावसात इथे कॉलेजची पोरं ट्रेकला येतात, खुनिया महादेवच्या धबधब्याकडे तर रविवारी जत्राच असते. जा, पण चपला घालून जाऊ नका, शेवाळ असतं, आणि वर पाऊस वाढला की ओढा सांगून येत नाही. पायथ्याला चांपानेर, गुजरातचा सुलतान महमूद बेगड्याने १४८४ मध्ये पावागढ जिंकला आणि इथे राजधानी वसवली, २००४ पासून हा सगळा भाग युनेस्कोच्या यादीत आहे. त्यावर वेगळा व्हिडिओ होईल, आज नदी.

विश्वामित्र ऋषींनी या डोंगरात तप केलं म्हणून ही विश्वामित्री, असं सांगतात. आमची आजी दांडिया बाजारातल्या वाड्यात गॅलरीत बसून म्हणायची, ऋषीच एवढा तापट, नदी कुठली गरीब असायला.

[दृश्य: आजव्याचं पाणी, लांबच लांब मातीचा बांध]

डोंगर सोडला की उतार जवळजवळ संपतोच. बडोद्याच्या वाटेवर आजवा, म्हणजे सयाजी सरोवर. सयाजीरावांनी हे बांधून घेतलं आणि १८९२ मध्ये इथलं पाणी नळाने शहरात आलं. यातली खरी हुशारी मला ही वाटते की तलाव शहरापेक्षा उंचावर आहे, पाणी आपल्या पायांनी चालत येतं, पंप नाही काही नाही. आता शहराचा मोठा हिस्सा मही नदीतल्या विहिरींवर जगतो, पण आजव्याचं पाणी अजून चालू आहे, सव्वाशे वर्षं उलटून गेली तरी. आमच्या लहानपणी वर्षातून एक पिकनिक आजवा-निमेटाला ठरलेली, कारंजी, बाग, डब्यातल्या पुऱ्या आणि बटाट्याची भाजी, आणि पाण्याजवळ जाऊ नको म्हणून ओरडणारी कुणाची तरी आई.

का ओरडायची ते आता येईलच.

[दृश्य: शहरातली नदी, वळणं, दोन्ही काठांना झाडी]

शहरात शिरली की विश्वामित्री सापासारखी वळत जाते. पश्चिमेच्या काठाला अकोटा, तिथे मुळातलं जुनं गाव, अंकोट्टक. इसवी सन ८१२ च्या ताम्रपटात वटपद्रक नावाचं खेडं त्याच्या हद्दीत सांगितलंय, आणि तेच वडाचं खेडं पुढे वडोदरा झालं. अकोट्याला सापडलेल्या जैन कांस्यमूर्ती कमाटी बागेतल्या म्युझियममध्ये आहेत, मोकळा वेळ असला तर नक्की बघा.

आणि कमाटी बाग! १८७९ ची, तेव्हा सयाजीराव अजून मिसरूड फुटायच्या वयाचे, कारभार बघायचे दिवाण सर टी. माधवराव. बाग नदीकाठालाच आहे आणि खरं सांगायचं तर बडोदेकरांचा नदीशी जो काय संबंध तो इथेच, मुलांना झू दाखवायचं, टॉय ट्रेन, भुईमूग खायचा, मग पुलावर जाऊन खाली बघायचं. बास. होडी नाही, पोहणं नाही, घाटावर पाय सोडून बसणं नाही. एवढी डोंगरातून आलेली नदी, पण आपण तिच्यात पाऊल टाकत नाही.

कारण खाली त्या आहेत.

[दृश्य: काठावरच्या चिखलात पसरलेली मगर, तोंड उघडं, हलत नाही]

मगर. एक नाही, दोन नाही, २०२५ च्या मोजणीत चारशेच्या वर. लाखो लोकांच्या शहराच्या मधोमध, मॉल, हॉस्पिटल, युनिव्हर्सिटी, सगळ्याच्या मागच्या बाजूला. ह्यांना आवडतो तो नदीचा मातीचा उभा काठ, त्याला आम्ही कोतरं म्हणतो, तिथे त्या बिळं करतात, उन्हाळ्याच्या तोंडाला अंडी घालतात, पावसाच्या आसपास पिल्लं. आणि एक गोष्ट बोलायला बरी वाटत नाही पण आहे, डोंगरातलं पाणी पावसापुरतंच, उन्हाळ्यात नदीत वाहतं ते मुख्यतः शहराचं सांडपाणी. म्हणजे बारमाही पाणी त्यांना आपणच पुरवतो, आपल्या नकळत, आणि वास येतो म्हणून नाकाला रुमालही आपणच लावतो.

थंडीत दुपारी त्या ऊन खायला बाहेर येतात. तोंड उघडं ठेवतात ते चावायला नाही, अंगातली उष्णता कमी करायला. पुलावर माणसं थांबतात, स्कूटर स्टँडला लावून, "ती बघ, ती बघ", लाकूड आहे की मगर यावर नवरा-बायकोची पैज लागते.

[दृश्य: ऑगस्ट २०२४, पाण्यात बुडालेले रस्ते]

आणि पावसाळ्यात त्याच मगरी आपल्याकडे येतात. वर पावागढ-हालोलला पाऊस, आजवा भरला, बांधाच्या ६२ दरवाजांवरून पाणी सुटलं, खाली सपाट जमीन, वळणावळणाचं पात्र, कोतरं भरून त्यावर उभ्या केलेल्या सोसायट्या... पाणी जाणार कुठे? ऑगस्ट २०२४ ला काळा घोडा ३५ फुटांच्या वर गेलं. तळमजले गेले, गाड्या गेल्या, अकोट्याकडे पत्र्याच्या छपरावर बसलेल्या मगरीचा फोटो सगळ्या देशाने पाहिला. आमच्या नात्यातल्या एका काकूंनी तीन दिवस गच्चीवर काढले, फ्रिज वाहून गेला त्याचं दुःख कमी, लोणच्याच्या बरण्या गेल्या त्याचं अजून सांगतात.

काठाला काँक्रीट लावून रिव्हरफ्रंट करायचं घाटत होतं, ते काम २०१६ मध्ये हरित लवादाने थांबवलं. २०२४ च्या पुरानंतर, २०२५ च्या उन्हाळ्यात, पात्र रुंद आणि खोल करायचं काम जोरात झालं, मगरींची बिळं सांभाळून करायचं असं ठरवून. किती सांभाळली यावर चहाच्या टपरीवर दोन पार्ट्या आहेत, मी दोन्हीकडे चहा पितो.

पुढे नदी शहर सोडते, खाली ढाढर नदीला मिळते आणि ते पाणी खंभातच्या आखातात जातं.

[दृश्य: जानेवारी, काळा घोडा पूल, खांबावर रंगवलेले फुटांचे आकडे]

हा शेवटचा शॉट काळा घोडा पुलाखालचा. पाणी अगदी तळाला, खांबावरचे आकडे सगळे कोरडे, आणि त्यांच्या खाली एक मोठी मगर उन्हात पडलीये. दहा मिनिटं हलली नाही म्हणून मी कॅमेरा लावून चहा प्यायला गेलो, परत येतो तर तिथे फक्त चिखलातली खूण.