दोन्हीकडून विसरा

[दृश्य: इंदूर, जेल रोड. दुपारची गर्दी. काचेच्या काउंटरवर इयरबड्सची एक पांढरी डबी.]

जेल रोडवर मोबाइलची दुकानं एकाला एक खेटून आहेत. कोणीतरी येतं, काउंटरवर डबी ठेवतं आणि म्हणतं, “खराब झालंय, कनेक्टच होत नाही.” अनुभवी दुकानदार स्क्रू-ड्रायव्हरला हात लावत नाही. तो आधी विचारतो, “भिया, पेले किस मोबाइल से जुड़ा था?”

निम्मं निदान या प्रश्नातच होतं. वायरलेस हेडफोनच्या बहुतेक तक्रारींत बिघाड नसतोच. हेडफोनला जुनी ओळख आठवत असते आणि नव्या मोबाइलला ती ठाऊक नसते, किंवा याच्या उलट. ही ओळख कशी होते आणि कशी मोडते, एवढं नीट कळलं, तर नवा हेडफोन घेण्याची वेळ पुष्कळदा येणार नाही. घरातल्या ज्या ज्येष्ठांनी “आपल्याला नाही जमत बाई हे” म्हणून डबी कपाटात टाकून दिली आहे, त्यांनी ती पुन्हा बाहेर काढावी, ही आमची कळकळ आहे.

[दृश्य: हातात हेडफोन, बटणाचा जवळून शॉट. पांढरा दिवा, मग लुकलुकणारा निळा दिवा.]

हेडफोन चालू असणं वेगळं आणि जोडणीसाठी तयार असणं वेगळं. नुसता चालू केलेला हेडफोन नव्या मोबाइलच्या यादीत दिसेलच असं नाही. चालू झाल्याबरोबर तो आपल्या जुन्या ओळखीच्या यंत्राला शोधायला लागतो. ते यंत्र जवळपास असेल आणि त्याचं ब्लूटूथ सुरू असेल, तर तो मुकाट्याने तिकडे जाऊन जोडला जातो. रामबागेतल्या घरात आजी खाली बसून नवा फोन हातात घेऊन शोधते आहे आणि तिचे बड्स वरच्या मजल्यावर नातवाच्या लॅपटॉपला चिकटले आहेत, असं अगदी सर्रास होतं. उपाय सोपा आहे. आधी घरातल्या बाकीच्या फोन-लॅपटॉपचं ब्लूटूथ बंद करा, मग नवी जोडणी करा.

जोडणीसाठी तयार करायचं म्हणजे काय? कानावर बसणाऱ्या मोठ्या हेडफोनमध्ये बहुधा तो बंद असताना चालू-बंदचं किंवा ब्लूटूथचं बटण काही सेकंद दाबून धरायचं, दिवा रंग बदलेपर्यंत किंवा भराभर लुकलुकेपर्यंत. डबीतल्या बड्सना कधी डबीच्या मागे किंवा तळाला बटण असतं: दोन्ही बड्स आत ठेवा, झाकण उघडं ठेवा, बटण धरून ठेवा. बटण नसेल, तर बड्सच्या बाहेरच्या भागावर बोट दाबून धरावं लागतं. किती सेकंद, ते प्रत्येक बनावटीत निराळं. ते लिहिलेला कागद खोक्यात असतो, पण इतक्या बारीक अक्षरांत की साठीच्या माणसाला भिंग लागावं. कंपन्यांनी ही एक गोष्ट तरी सुधारायला हवी. तोवर खोकं फेकू नका, आणि त्या कागदाचा फोटो फोनमध्ये काढून ठेवा. फोटो मोठा करून वाचता येतो.

यादीत एकाच हेडफोनची दोन नावं दिसली आणि त्यातल्या एकाच्या आधी ‘एलई’ (लो एनर्जी, म्हणजे ब्लूटूथची कमी वीज खाणारी पद्धत) अशी अक्षरं असली, तर सहसा दुसरं नाव निवडायचं. जुना हेडफोन जोडताना फोनने आकडा मागितला, तर चार शून्यं टाकून पाहा.

[दृश्य: साधी रेखाटनं. एक फोन, एक हेडफोन, दोघांच्या मध्ये एक किल्ली.]

पहिल्या जोडणीत दोन्ही यंत्रं मिळून एक गुप्त किल्ली ठरवतात. ती १२८ बिटांची, म्हणजे १२८ शून्य-एकांची लांबलचक संख्या असते आणि दोघंही आपापल्या स्मृतीत ती लिहून ठेवतात. पुढच्या वेळी पुन्हा विचारपूस नाही, किल्ली जुळली की दार उघडतं. म्हणूनच हेडफोन कानाला लावताच आपोआप जोडला जातो.

अडचण सुरू होते ती एका बाजूची नोंद पुसली गेल्यावर. फोन रीसेट झाला, नवा फोन आला, किंवा कोणी दुसऱ्याच फोनशी जोडून पाहिलं. आता एकाच्या वहीत नाव आहे आणि दुसऱ्याने ते पान फाडून टाकलंय. पडद्यावर नाव दिसतं, आपण दाबतो, क्षणभर ‘कनेक्टिंग’ येतं आणि गळून पडतं. दहा वेळा दाबलं तरी तेच. फोन बंद-चालू केल्यानेही ही गाठ सुटत नाही.

इथे दोन्हीकडून विसरायला लावावं लागतं. फोनच्या सेटिंगमध्ये ब्लूटूथ उघडा, हेडफोनच्या नावाशेजारच्या चिन्हावर बोट ठेवा आणि ‘फरगेट’ किंवा ‘अनपेअर’ निवडा. हे अर्धं काम झालं, आणि पुष्कळ लोक इथेच थांबतात. उरलेलं अर्धं हेडफोनच्या बाजूला आहे: त्याचा रीसेट. बटण नेहमीच्या जोडणीपेक्षा जास्त वेळ धरायचं, कागदावर सांगितलेला दिव्याचा इशारा मिळेपर्यंत. मग दोन्ही यंत्रं कोरी होतात आणि ओळख नव्याने होते. डावा बड वाजतो आणि उजवा मुका, ही तक्रारही अनेकदा याच वाटेने जाते, कारण दोन बड्सनाही आपसात ओळख ठेवावी लागते.

फोनमधलं ‘रीसेट नेटवर्क सेटिंग्ज’ हे मात्र अगदी शेवटचं अस्त्र. त्याने ब्लूटूथच्या जोडण्यांबरोबर वाय-फायचे साठवलेले पासवर्डही जातात. कोणी दुकानात घाईने ते दाबत असेल, तर आधी विचारा.

[दृश्य: बोर्ड पुसला जातो. स्वीडनचा नकाशा, मग इंदूरच्या गल्ल्यांवरून फिरणारा कॅमेरा.]

१९९४ साली स्वीडनमधल्या लुंड शहरात, एरिक्सन कंपनीत, याप हार्टसेन या डच अभियंत्याने आज आपण ज्याला ब्लूटूथ म्हणतो, त्या कमी अंतराच्या रेडिओवर काम सुरू केलं. १९९८ साली एरिक्सन, नोकिया, इंटेल, आयबीएम आणि तोशिबा या पाच कंपन्या एकत्र आल्या. नाव घेतलं दहाव्या शतकातल्या हॅराल्ड ब्लूटूथ या डॅनिश राजाचं.

हा रेडिओ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात, म्हणजे त्या वारंवारतेच्या आसपासच्या लहरींवर बोलतो. पट्ट्याचे ७९ बारीक भाग केलेले असतात आणि फोन-हेडफोनची जोडी ठरलेल्या क्रमाने सेकंदाला १६०० वेळा या भागातून त्या भागात उडी मारते. पण याच पट्ट्यात वाय-फाय आहे, आणि मायक्रोवेव्ह भट्टीही इथेच गुणगुणते. २००३च्या आवृत्तीपासून ब्लूटूथ गर्दीचे भाग ओळखून टाळायला शिकलं. तरीही दाट वस्तीत, जिथे प्रत्येक घरात एक राउटर आहे, तिथे टाळण्यासारख्या जागाच कमी उरतात. राउटरमध्ये ५ गिगाहर्ट्झची सोय असेल, तर फोन-लॅपटॉप तिकडे न्यावेत. हेडफोनला श्वास घ्यायला जागा मिळते.

आणखी एक अडथळा आपण स्वतःच आहोत. शरीरात पाणी आहे आणि पाणी या लहरी शोषून घेतं. फोन मागच्या डाव्या खिशात आणि लहरी पकडणारा बड उजव्या कानात, म्हणजे मध्ये सगळा देह आडवा. मोकळ्या मैदानात, जिथे भिंतीवरून परतणाऱ्या लहरीही नसतात, हा त्रास जास्त जाणवतो. फोन वरच्या खिशात ठेवून पाहा. लॅपटॉपला यूएसबी ३ची हार्ड डिस्क लावली की आवाज तुटतो, हेही भास नाही. तिच्या वायरीतून याच पट्ट्यात गोंगाट बाहेर पडतो. ती दुसऱ्या बाजूच्या खाचेत लावा.

आवाज तुटण्याचा खरा छळ कोणाला होतो? गाणं ऐकणाऱ्यांना. इंदूरचे उस्ताद अमीर खाँ चौदा मात्रांच्या झुमरा तालात अतिविलंबित, म्हणजे फार संथ लयीचा ख्याल गायचे. दोन स्वरसमूहांमधली त्यांची शांतता हासुद्धा गाण्याचाच भाग. ते रेकॉर्डिंग बड्समध्ये ऐकताना मध्येच नि:शब्द झालं, तर खाँसाहेब थांबले की लहर तुटली, हे ओळखायला कान तानपुऱ्याकडे न्यावा लागतो. तानपुराही गेला असेल, तर समजावं, दोष हवेत आहे.

[दृश्य: एका घरातला गायनाचा ऑनलाइन वर्ग. लॅपटॉप, शेजारी तबल्याचं ॲप. दूरदेशीचा विद्यार्थी पडद्यावर.]

इंदुरात बसून परदेशातल्या मुलांना गाणं शिकवणारे गुरू आता आहेत. त्यांची एक तक्रार ऐकू येते: “गाणी छान ऐकू येतात, पण वर्ग सुरू झाला की त्याच हेडफोनमधून टेलिफोनसारखा चेपलेला आवाज येतो.”

हेडफोन ठीक आहे. नेहमीच्या ब्लूटूथमध्ये चांगल्या दर्जाचं संगीत पाठवण्याचा रस्ता एकमार्गी आहे. हेडफोनचा माइक सुरू झाला, की जोडणी फोनकॉलच्या रस्त्यावर वळते, आणि जुन्या पद्धतीच्या कॉलमध्ये ४ किलोहर्ट्झच्या वरचं, म्हणजे आवाजातलं फार उंच, बारीक असं काही उरतच नाही. तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा झंकार जिथे फुलतो, तो वरचा भागच कापला जातो. व्हिडिओ-कॉलच्या ॲपमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचाच निवडा आणि हेडफोन फक्त ऐकण्यासाठी ठेवा. आवाज लगेच उघडतो. झूमवर शिकवत असाल, तर संगीतासाठी मूळ आवाज पाठवण्याची सोय सेटिंगमध्ये आहे, तीही सुरू करा. नाहीतर गोंगाट गाळणारी चाळणी तानपुऱ्यालाच गोंगाट समजते.

तबल्याच्या ॲपसोबत रियाज करायचा असेल, तर ब्लूटूथ नकोच. आवाज गुंडाळून, पाठवून, उलगडेपर्यंत साधारण एक-पंचमांश सेकंद जाऊ शकतो. मिनिटाला २४० मात्रांच्या द्रुत लयीत एक मात्रा पाव सेकंदाची. म्हणजे सम (तालाची पहिली मात्रा) कानावर पडेपर्यंत जवळजवळ एक मात्रा निघून गेलेली. इथे वायरचा हेडफोनच खरा, आणि तो बाळगण्यात काही मागासलेपण नाही.

[दृश्य: दिवाणखाना. टीव्हीसमोर आजोबा, शेजारच्या खोलीत अभ्यास करणारी मुलगी.]

टीव्हीची गोष्ट याच उशिराची. ओठ आधी हलतात, शब्द मागून येतात. काही टीव्हींच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये हा फरक कमी-जास्त करता येतो. जुन्या टीव्हीत ब्लूटूथ नसेल, तर मागच्या आवाजाच्या खाचेत लावायचा एक छोटा ट्रान्समीटर मिळतो. त्याला पडदा नसतो, यादी दिसत नाही. म्हणून तो आणि हेडफोन दोन्ही एकाच वेळी जोडणीच्या स्थितीत आणून शेजारी ठेवायचे, बाकीचे फोन बंद. एकमेकांना शोधायला थोडा वेळ लागतो. आजोबांना मोठ्या आवाजात बातम्या हव्यात आणि नातीची परीक्षा आहे, अशा घराला ही एवढीशी वस्तू फार मोठा दिलासा देते.

[दृश्य: पुन्हा जेल रोड. कापसाची काडी, भिंग, बडच्या तळाचे पिवळे ठिपके.]

काही वेळा दोष खरोखरच वस्तूत असतो. एक बड चार्जच होत नसेल, तर त्याच्या आणि डबीतल्या धातूच्या ठिपक्यांवर घाम आणि धुळीचा थर बसलेला असू शकतो. कोरड्या कापसाच्या काडीने पुसा. एका कानात आवाज बारीक येतो, तर जाळीवर मळ आहे का पाहा, आणि फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये डाव्या-उजव्याचा काटा सरकलाय का तेही पाहा.

बड्समधली बॅटरी फार लहान असते आणि ती बदलणं बहुधा परवडत नाही. ती खरंच संपली, तर डबी घरच्या कचऱ्यात टाकू नका, लिथियमची बॅटरी दाबली गेली तर पेटू शकते. इंदूरच्या कचरागाडीत इ-कचऱ्याचा वेगळा कप्पा असतो, तो यासाठीच. आणि कोणाला वापरायला देत असाल, तर आधी रीसेट करून द्या.

नवा घ्यायला निघाला असाल, तर दुकानात एक विचारा: एलई ऑडिओ आहे का? २०२० साली जाहीर झालेल्या या नव्या पद्धतीत ऑराकास्ट नावाची सोय आहे. एका ट्रान्समीटरवरून सभागृहातल्या कितीही जणांना, जोडी न लावता, थेट कानात आवाज मिळू शकतो, श्रवणयंत्र वापरणाऱ्यांनाही. त्यासाठी ऐकणाऱ्याचं यंत्र आणि सभागृहाचा ट्रान्समीटर, दोन्हींना ही पद्धत समजायला हवी.