उंची पाहून निवडलेले राजे

(उपवासकाळातल्या व्याख्यानमालेतलं भाषण, थोडं संपादित करून.)

मंडळी, ‘दिसण्यावर जाऊ नये’ हे आपण लहानपणापासून ऐकतो. विषय जाहीर झाला तेव्हाच काहींच्या मनात आलं असेल, यात नवीन ते काय? म्हणून उपदेश बाजूला ठेवतो. बायबलमधली शमुवेलाची पुस्तकं उघडू या. तिथे फसतो तो कोणी ऐरागैरा नाही, खुद्द संदेष्टा शमुवेल फसतो.

आधी शौल. बापाची हरवलेली गाढवं शोधत निघालेला हा तरुण इतका उंच, की बाकीचे लोक त्याच्या खांद्याला लागायचे. शमुवेलाने त्याला लोकांपुढे उभं केलं आणि विचारलं, याच्या तोडीचा आहे का कोणी? लोकांनी जयघोष केला. पुढे त्या राजाने देवाची आज्ञा मोडली आणि देवाने त्याला नाकारलं, ते तुम्हाला ठाऊक आहे. शमुवेल शोक करत बसला होता, तेव्हा देवाने त्याला नव्या राजाच्या अभिषेकासाठी तेलाचं शिंग भरून बेथलेहेमला इशायच्या घरी, त्याच्या मुलांतून एकाला निवडायला पाठवलं. दुधाने तोंड पोळलेलं, आता तरी ताक फुंकून प्यावं की नाही? पण थोरला अलीयाब समोर आला आणि शमुवेल मनात म्हणाला, हाच तो! पुन्हा उंचीच. तेव्हा देवाला सांगावं लागलं: याचं रूप आणि उंची पाहू नकोस, माणूस बाहेरचं पाहतो, परमेश्वर हृदय पाहतो.

हे वचन आपल्या घरोघरी कॅलेंडरवर असतं, आणि ते शेजाऱ्यासाठी आहे असं आपण समजतो. देव मात्र ते बोलला एका म्हाताऱ्या, भक्तिमान माणसाला, ज्याने पोरवयापासून त्याचा आवाज ऐकला होता. म्हणजे प्रार्थना करणाऱ्याचेही डोळे फसतात. किंबहुना त्याचे जास्त, कारण स्वतःची आवड त्याला देवाची इच्छा वाटू लागते.

सात मुलगे पुढून गेले. शमुवेल विचारतो, एवढेच? इशाय म्हणतो, धाकटा राहिलाय, मेंढरं राखतोय. घरी संदेष्टा आलेला, यज्ञाची तयारी चाललेली, आणि बापाने एका पोराला बोलावलंसुद्धा नव्हतं! शमुवेल म्हणतो, आणा त्याला. तो येईपर्यंत आपण बसायचं नाही. इथे मला हा म्हातारा फार आवडतो. चूक कळल्यावर तो भाषण देत बसला नाही, सगळ्या पंगतीला थांबवून धरलं.

आणि हा धाकटा, दावीद, आला तो कसा? तांबूस, सुंदर डोळ्यांचा, देखणा! शास्त्राने हे लपवलेलं नाही. देखणेपण हा काही गुन्हा नाही. उलटा हिशेबही चालत नाही: फाटक्या कपड्यांतला म्हणजे मनाचा चांगलाच, आणि गाडीतून उतरला तो गर्विष्ठच, हाही तोंड पाहूनच केलेला न्याय झाला. दाविदाच्याच घरात पुढे अबशालोम निघाला. नखशिखान्त निर्दोष रूप; कापलेल्या केसांचं वजन दोनशे शेकेल, म्हणजे दोन किलोच्या वर. इस्राएल त्याच्यावर भाळला, आणि बापाविरुद्ध लढाई झाली.

आता आपल्या दारात येऊ. याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सभेत दोघं येतात. एकाच्या बोटात सोन्याची अंगठी, दुसऱ्याच्या अंगावर मळके कपडे. पहिल्याला मानाची जागा, दुसऱ्याला ‘तिथे उभा राहा, नाहीतर माझ्या पायाशी बस’. नाताळच्या उपासनेला आपल्याकडे काय होतं? गाडीतून उतरलेल्या कुटुंबाला ‘या, या साहेब’, हातात गीतांचं पुस्तक, पुढची रांग. बांधकामावरून दोन पोरं घेऊन आलेल्या बाईला बोटानेच मंडप दाखवला जातो. वाईट कोणीच बोलत नाही. दारातल्या माणसाने चपला पाहिल्या, बस्स. याकोब याला गैरसोय म्हणत नाही, पाप म्हणतो. आणि आपण तर कपड्यांच्याही आधी आडनाव पाहतो. पणजोबा कुठल्या समाजातून ख्रिस्ती झाले, हे सोयरीक जमवताना आजही हळूच विचारलं जातं की नाही? माना डोलावताय, म्हणजे जातं.

पंडिता रमाबाईंना दोन्हीकडून हे सोसावं लागलं. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटिज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. इकडच्या सनातन्यांना ती बाटलेली विधवा वाटली. तिकडच्या काही ख्रिस्ती हितचिंतकांना पांढरं लुगडं नेसणारी, मांस न खाणारी ही बाई पुरती ख्रिस्ती झाली की नाही, याची शंका. याच बाईंनी पुढे केडगावला दुष्काळात सापडलेल्या मुलींना आसरा दिला, आणि मूळ हिब्रू व ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर केलं. ताटात काय आहे ते पाहून श्रद्धा मोजणाऱ्यांना हे कुठून दिसणार?

मघाशी एका तरुणाने चिठ्ठी पाठवली: मग कोणाबद्दल मत बनवायचंच नाही का? मंडळीचा कारभार पाहणारे पंच निवडायचे कसे? प्रश्न रास्त आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात येशू न्यायच करू नका असं म्हणत नाही. वरवरचं पाहून करू नका, यथार्थ करा, असं म्हणतो. शब्बाथाला, म्हणजे यहूद्यांच्या विसाव्याच्या दिवशी, येशूने एक माणूस बरा केला म्हणून लोक चिडले होते. नियम मोडलेला त्यांना दिसला, उठून चालू लागलेला माणूस दिसला नाही. झाड फळांवरून ओळखा, असंही तोच सांगतो, आणि फळ धरायला वेळ लागतो. तेव्हा खजिनदार निवडताना त्याचा सूट आणि प्रार्थनेतला खणखणीत आवाज राहू द्या. गेल्या वर्षीच्या दानार्पणाची वही मागवा, आजारी माणसाच्या घरी तो किती वेळा गेला ते त्या घरच्यांना विचारा, आणि मग मत द्या.