बोल्टच्या डोक्याखालची जागा

कुर्ला, साकीनाका, मरोळच्या छोट्या कारखान्यांत बिडाची कास्टिंग रोज येतात. पंपाची बॉडी, गिअरबॉक्सचं झाकण, बेअरिंगचं हाउसिंग. भोक पाडलं की जॉब झाला असं धरून तो पुढे सरकवला जातो. ड्रॉइंगवर भोकाभोवती स्पॉट फेसिंग, म्हणजे बोल्टचं डोकं टेकायला गोल सपाट जागा घासणं, लिहिलेलं असतं, पण डिलिव्हरीची घाई असली की पहिली कात्री त्यालाच लागते. तुम्ही तरुण मशिनिस्ट आणि फिटर मंडळी, म्हणून आज मी एवढ्याच जागेबद्दल बोलणार आहे.

कास्टिंग खडबडीत असतं, शिवाय वाळूच्या साच्यातून पॅटर्न, म्हणजे लाकडी किंवा धातूचा नमुना, सुटावा म्हणून त्याला थोडा उतार असतो. एक अंशाचा उतार डोळ्याला दिसतसुद्धा नाही, पण एम12, म्हणजे 12 मिमी बोल्टच्या 18 मिमी डोक्याखाली तेवढ्यानं एका बाजूला 0.3 मिमीची फट राहते. 8.8 या ताकदीच्या ग्रेडचा हा बोल्ट पूर्ण आवळला की सुमारे चार टनांचा ताण धरतो. तो सगळा एका कडेवर आला, की बोल्ट ताणला तर जातोच, शिवाय वाकतोही. मशीनच्या थरथरीत तडा जातो तो बहुतेक डोक्याच्या मुळाशी, नाहीतर नटमधल्या पहिल्या आट्याशी.

आणि तुटला नाही, तरी ढिला पडतो. 30 मिमी जाडी पकडणारा एम12 पूर्ण आवळल्यावर जेमतेम मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका लांबतो. डोक्याखालचे उंचवटे 0.03 मिमी दबले, की जवळजवळ तिसरा हिस्सा पकड गेली. ठरलेल्या जोरावर 'टक' वाजणारा टॉर्क रेंच बरोबर वाजला होता, म्हणून मग दोष बोल्टच्या मालावर जातो. हे मला फार खटकतं.

काम करताना पायलट, म्हणजे कटरच्या टोकाची वाट दाखवणारी दांडी, भोकात नीट बसणारा घ्या, सैल असेल तर कटर नाचतो आणि जागेवर लाटा उमटतात. स्पीड उतरवा: बिडात 13.5 मिमी ड्रिल 500-600 आरपीएमवर चालत असेल, तर 26 मिमीचा कटर 150-200 वर. बिडाची वरची साल कडक आणि वाळूची असते. कटर तिच्यावर घासत ठेवलात तर धार तिथेच संपते, म्हणून पहिल्याच फीडमध्ये, म्हणजे कटर खाली दाबतानाच, सालीखाली जा. पूर्ण गोल चकाकला की फीड थांबवून दोन-तीन फेरे तसेच फिरू द्या. त्यापुढे खोल जायचं कारण नाही. डोकं आत बुडवायचं असेल तर ते काउंटर बोअरचं काम. व्यास मात्र वॉशरपेक्षा मोठा हवा. एम12चा वॉशर 24 मिमी असतो, तो घासलेल्या जागेच्या कोपऱ्यातल्या गोलाईवर चढला तर केलेलं सगळं वाया.

फ्लँजच्या, म्हणजे पाइप जोडायच्या भोकं असलेल्या कडेच्या, मागे वरून कटर पोचत नाही. तिथे कटरचा दांडा भोकातून खाली सोडा, खालच्या बाजूनं कटर अडकवा आणि स्पिंडल वर ओढत फेस करा. पाइप फ्लँजच्या एएसएमई बी16.5 या अमेरिकन मानकानुसार बोल्ट टेकण्याची ही जागा फ्लँजच्या फेसशी एक अंशाच्या आत समांतर लागते. तपासायला बोल्ट हातानं टेकवा आणि डोक्याखाली चारी बाजूंनी 0.05 मिमीचं फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पत्री, घालून बघा. कुठेही शिरलं, तर जॉब परत मशीनवर घ्या.