उलटा रोल

[पडद्यावर: मालवणची जेट्टी, भर दुपार. आकाश नारिंगी, समुद्र कोकम सरबतासारखा.]

हा फोनमधला फिल्टर नाही. कॅमेरा काकांचा, पेंटॅक्स के 1000. रोल मुदत संपलेला, म्हणून निम्म्या किमतीत मिळालेला कोडॅक कलरप्लस 200. फक्त तो पालथा भरलाय.

याला रेडस्केल म्हणतात. तयार रोलही विकत मिळतो. पण रिकामी डबी नि सेलोटेपवर जे भागतं, त्याला जादा पैसे कशाला?

[पडद्यावर: हात, दोन डब्या, कात्री.]

रिकाम्या डबीतून बोटभर फिल्म बाहेर असायला हवी. नव्या रोलचं टोक पालथं करून तिला चिकटवायचं. मग दिवा बंद. मी रात्री बाथरूममध्ये, दाराच्या फटीला टॉवेल लावून, रिकाम्या डबीची खुंटी फिरवत बसलो. फिल्म या डबीतून त्या डबीत सरकत राहते, आणि एका क्षणी ताणून अडते. तिथे अंधारातच कात्री चालवायची. बाहेरून आई दार वाजवते, "झालं का रे?" उघडायचं नाही!

रंगीत फिल्ममध्ये सगळ्यात वर निळ्याचा थर, त्याखाली पिवळी गाळणी, मग हिरव्याचा आणि तळाशी लालचा. पालथ्या फिल्ममध्ये प्रकाश पाठीमागून शिरतो. आधी लाल, मग हिरवा. निळा उजेड पिवळ्या गाळणीतच अडकतो, त्याच्या थरापर्यंत पोचतच नाही.

वाटेत उजेडही बराच खर्च होतो. म्हणून कॅमेऱ्याच्या उजेड मोजणाऱ्या मीटरवर फिल्मचा वेग 200 ऐवजी 50 लावला, म्हणजे दोन स्टॉप जास्त, चौपट उजेड.

[पडद्यावर: एकच होडी, तीन फोटो.]

लेन्सचं छिद्र तिन्हीला एफ 16, बदलला तो फक्त शटरचा वेळ. 1/250 सेकंदाला होडी काळपट लाल. 1/60 ला नारिंगी. 1/15 ला पिवळी, आणि हात हलल्यामुळे अंमळ दोन होड्या. मला मधली आवडली.

रोल नेहमीसारखाच धुतला जातो. पण स्टुडिओवाल्याने फिल्मच्या कडेची छापील अक्षरं सुलट धरून स्कॅन केलं. त्यांच्या दृष्टीने बरोबरच. कडेचे आकडे मात्र शेवटाकडून सुरू झालेले, आणि चित्र पाठीमागून टिपलेलं म्हणून होडीवरचं नाव आरशातलं.

काकांनी फोटो डोळ्यांजवळ धरला. रंगाबद्दल चकार शब्द नाही.

"सिंधुदुर्ग किल्ला या बाजूला कधी आला रे?"