खाणीवरची शाळा

नमस्कार, श्रोतेहो. हजिऱ्याकडे कधी गेलात तर सूफी संत महंमद घौस यांच्या कबरीच्या जाळ्या जरूर बघा. वालुकाश्मात इतकं नाजूक काम आपल्या ग्वाल्हेरात झालंय. असा दगड आजही आसपासच्या खाणींतून निघतो, आपल्यातल्या कित्येकांच्या अंगणात त्याचीच फरशी आहे. तो काढणाऱ्याला शिकवतं कोण, हे मात्र आपण कधी विचारत नाही.

जागतिक बँकेच्या २०२० सालच्या अंदाजाप्रमाणे जगात साडेचार कोटींच्या आसपास माणसं छोट्या खाणींवर राबतात. घाना, पेरूत सोनं; आपल्याच राज्यात, पन्न्याला, आठ बाय आठ मीटरच्या तुकड्यात हिरे. सोनं धरायला खनिजात पारा कालवतात आणि तो गोळा कित्येकदा घरातल्या चुलीवरच तापवतात. पाऱ्याची वाफ पोराबाळांच्या श्वासात जाते. झाकण आणि नळी लावलेलं साधं भांडं वापरलं तर तीच वाफ थंड होऊन पारा परत हाती येतो. पाऱ्याचा वापर कमी करण्याचा मिनामाता करार २०१७ पासून लागू आहे. पण ते भांडं कसं वापरायचं, हे कुणीतरी खाणीवर जाऊनच दाखवावं लागतं.

आपल्याकडे पारा नाही, धूळ आहे. वालुकाश्म बहुतांशी क्वार्ट्‌झचाच. ड्रिल कोरडं चाललं की उडणारे सर्वांत बारीक कण डोळ्यांना दिसत नाहीत, तोंडावरच्या गमछ्यातून आरपार जातात आणि फुप्फुसात रुतून बसतात. त्यातून होणारा फुप्फुसाचा आजार, सिलिकोसिस, बरा होत नाही. ड्रिलच्या टोकाशी पाणी सोडलं तर धुळीचा चिखल होतो, खूपशी धूळ तिथेच बसते. पण पाणी कशासाठी, हे कळलं नसेल तर चिखल नको म्हणून कामगार नळी काढून ठेवणारच. त्याला दोष कसा द्यायचा?

शिक्षणाने कमाईही वाढते. हा दगड थराथरांचा. थर ओळखून पाचर ठोकली तर अख्खी लादी सुटते, सुरुंगाने चुरा जास्त होतो. आणि लांबी-रुंदीचा गुणाकार येत असेल तर मापात फसवणूक होत नाही.

खाणकामगारांच्या प्रशिक्षणाचे नियम १९६६ पासून आहेत. पण इमारती दगडाची खाण सहा मीटरपेक्षा खोल नसेल, पन्नासपेक्षा जास्त माणसं नसतील, सुरुंग नसेल, तर खाणकामगारांच्या सुरक्षेच्या कायद्यातल्या बऱ्याच तरतुदींतून तिला सूट मिळते. म्हणजे ज्यांना शिकवणं सर्वांत गरजेचं, तेच वाऱ्यावर! हे मला अजिबात पटत नाही. खनिज कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीने आलेल्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा, म्हणजे खाणींची झळ बसलेल्या लोकांसाठीच्या निधीचा, पैसा कौशल्यशिक्षणावर खर्च करता येतो. तो इथे लावावा. वर्ग खाणीवरच भरवावा, त्या दिवसाची मजुरी बुडू देऊ नये, आणि शिकवायला मुरलेला पाथरवट असावा.

आपल्या ओळखीत खाणीवर किंवा क्रशरवर काम केलेला कुणी असेल आणि त्याचा खोकला हटत नसेल, तर डॉक्टरांना आधी त्याचं काम सांगा. एक्स-रेमध्ये सिलिकोसिस क्षयासारखा दिसू शकतो, आणि अशा माणसाला क्षय होण्याचा धोकाही जास्त असतो. तपासणी दोन्हींची करून घ्या.